आज्ञेचे स्थलांतर: मीमांसेतील ऊह आणि कॅडची स्क्रिप्ट

एका कर्मासाठी सांगितलेला विधी दुसऱ्या कर्मात न्यायचा तर त्यातले काय न्यायचे, काय बदलायचे आणि काय सोडायचे, हा पूर्वमीमांसेतला मोठा प्रश्न आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या 12 अध्यायांपैकी सातवा-आठवा अतिदेशाला (विधी दुसरीकडे नेण्याला), नववा ऊहाला (नेताना बदल करण्याला) आणि दहावा बाधाला (लागू न पडणारे गाळण्याला) दिलेला आहे. कॅडची स्क्रिप्ट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना हाच प्रश्न उभा राहतो, आणि मीमांसकांचे उत्तर तिथेही खरे ठरते.

अमावास्या-पौर्णिमेला करायचा दर्शपूर्णमास हा इष्टी नावाच्या यागांचा नमुना. त्यातील अग्नीच्या आहुतीचा विधी सूर्याच्या चरूकडे, म्हणजे शिजवलेल्या धान्याच्या आहुतीकडे, नेला, तर मंत्रातल्या अग्नीच्या जागी सूर्याचे नाव येते, हा ऊह. असा बदल का चालतो, याचे नवव्या अध्यायातले उत्तर फार खोल आहे: अंगे, म्हणजे कर्मातली साहाय्यक कृत्ये, त्या द्रव्यासाठी किंवा देवतेसाठी नसतात, कर्मातून साधायच्या अपूर्वासाठी, म्हणजे फळ देणाऱ्या अदृश्य शक्तीसाठी, असतात. म्हणून शब्द बदलूनही विधी तोच राहतो.

कंग्राळीपासून उद्यमबागेपर्यंत बेळगाव परिसरात फाउंड्री आणि मशिन शॉप आहेत. फ्लँजवर समान अंतरावर सहा भोके आखणे हे अशा ठिकाणचे नेहमीचे काम. ऑटोकॅडमध्ये 1986 पासून असलेल्या ऑटोलिस्पमध्ये त्यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहिता येतो. ब्रिक्सकॅड हे दुसरे कॅड सॉफ्टवेअरही लिस्प चालवते, त्यामुळे तिथे बहुतेक ओळी तशाच जातात. एखादी कमांड प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारत असेल, तर तेवढी उत्तरे हलवावी लागतात.

ओपनएससीएडी या वेगळी भाषा असलेल्या कॅड सॉफ्टवेअरकडे जाताना मात्र खरा ऊह लागतो. ऑटोलिस्पला कोन रेडियनमध्ये लागतो, म्हणजे 60 अंशांसाठी सुमारे 1.047. ओपनएससीएडीची त्रिकोणमिती अंशांत चालते. जुना आकडा तसाच राहिला, तर सहाही भोके सव्वापाच अंशांत एकमेकांवर चढतात, आणि प्रोग्रॅम कसलीही चूक दाखवत नाही. आकडा जपला, पण ज्यासाठी तो होता ते गेले. सहा सारखे भाग हे इथले साध्य, 1.047 हे त्याचे केवळ अंग.

बाधाचे उदाहरण याहून बोलके आहे. शंभर कृष्णल, म्हणजे सोन्याचे दाणे, घेऊन केलेल्या चरूत कांडण गळते, कारण सोन्याला कोंडा नसतो. ऑटोलिस्पमध्ये भोके आखण्याआधी ओस्मोड, म्हणजे ऑब्जेक्ट स्नॅपची सेटिंग, शून्य करतात, नाहीतर कमांडला दिलेला बिंदू जवळच्या रेषेकडे ओढला जाऊ शकतो. ओपनएससीएडीत बिंदू असा ओढणारे काही नाही. ती ओळ गाळणे म्हणजे मूळ आज्ञेचा अनादर नव्हे. तिचे प्रयोजनच तिथे उरलेले नाही.

तरीही प्रयोजन दिसत नाही म्हणून सरसकट गाळता येत नाही. सोन्याचे दाणे शिजत नाहीत, पण तुपात शिजवण्याचा निर्देश प्रत्यक्ष असल्यामुळे तो पाळायचा, असा मीमांसेचा निर्णय आहे. ग्राहकाने मध्यरेषेसाठी ठरावीक नावाचा लेयर लेखी मागितला असेल, तर नव्या सॉफ्टवेअरला त्याची गरज नसली तरी तो द्यावाच लागतो.

जैमिनीने आणखी एक बारकावा दुसऱ्या अध्यायात नोंदवला आहे: ऊहाने आलेला शब्द मंत्र ठरत नाही, कारण तो पाठात आलेला नाही. तो कर्मात योग्य असतो, पण मूळ पाठाचा दर्जा त्याला मिळत नाही. स्क्रिप्टमधल्या बदललेल्या ओळीचेही तसेच आहे. जुन्या प्रोग्रॅमने वर्षानुवर्षे बरोबर काम दिले, हा त्या ओळीचा पुरावा होत नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये माहितीच्या मापाचा एक फ्लँज काढायचा, लगतच्या दोन भोकांच्या केंद्रांतले अंतर मोजायचे. सहा भोकांसाठी ते पीसीडीच्या, म्हणजे भोकांची केंद्रे ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाच्या, बरोबर निम्मे यायला हवे: 120 मिलिमीटरला 60 मिलिमीटर.