दानाचा उपदेश आणि उपदेशकाचे दान

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रवचनकाराला हे श्लोक सोपे वाटतात. सात्त्विक, राजस, तामस अशी विभागणी स्पष्ट आहे, दृष्टान्तांचीही वाण नाही. परंतु श्लोक सांगून झाल्यावर पुढे काय घडते, हा प्रश्न मात्र तितका सोपा नाही.

एका चातुर्मासात या श्लोकांचे निरूपण करण्याचा योग मला आला. प्रवचन रंगले. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, यजमानांनी श्रीफळ देऊन शाल पांघरली. बाहेर पाऊस पडत होता. देवळाच्या पायरीशी एक वृद्धा लहान नातवाला कुशीत घेऊन भिजत बसली होती. दानाची महती ऐकून तृप्त झालेले श्रोते तिला वळसा घालून गेले. त्यांच्या मागोमाग मीही वळसा घालूनच गेलो. घरी शालीची घडी घालताना ती मला आठवली. तसाच परत गेलो, तेव्हा पायरी रिकामी होती.

त्या रात्री प्रथम श्रोत्यांचा राग आला. पण विचार करता दोष माझाच दिसला. श्रेष्ठ म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्या आचरणामागून लोक जातात, असे तिसऱ्या अध्यायात भगवंतांनीच बजावले आहे. व्यासपीठावरून माझी वाणी एक सांगत होती आणि पायरीवरून माझी पावले दुसरेच. लोकांनी पावलांचे ऐकले.

दुसरा दोष निरूपणातच होता. देश, काल आणि पात्र या तीन शब्दांवर मी बराच वेळ बोललो होतो. कोणाला देऊ नये, कोठे देऊ नये, हे सारे विस्ताराने सांगितले. याचा परिणाम असा झाला की, श्रोत्याच्या हाती न देण्याची कारणेच पडली. वस्तुतः ते श्लोक पुन्हा वाचावेत. देणे हे आपले कर्तव्य आहे म्हणून द्यावे, ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही त्यालाही द्यावे. परतफेडीच्या वा फळाच्या आशेने, मनाला क्लेश करून घेत देऊ नये. सत्कारावाचून, तुच्छतेने देऊ नये. यांतील बहुतेक कसोट्या घेणाऱ्याच्या नाहीत, देणाऱ्याच्या मनाच्या आहेत. आपण मात्र याचकाची परीक्षा घेतो आणि स्वतःला परीक्षेतून सूट देतो.

मग देश, काल, पात्र यांचा विवेक सोडावा काय? मुळीच नाही. त्याचा खरा उपयोग कसा करावा, हे आचार्य विनोबांच्या चरित्रात दिसते. 1932 साली धुळ्याच्या कारागृहात त्यांनी मराठीत गीतेवर प्रवचने दिली. पुढे 18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी ते गेले असता तेथील दलित कुटुंबांनी 80 एकर जमिनीची गरज त्यांच्यापुढे मांडली. विनोबांनी तीच गरज ग्रामस्थांपुढे ठेवली, आणि रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर जमीन देऊ केली. तेथे दानावर व्याख्यान झाले नाही. कोणाला हवे, किती हवे, कोण देणार, एवढेच विचारले गेले. देश, काल, पात्र हे दान अडविण्याचे नव्हे, तर दान नेमक्या ठिकाणी पोहोचविण्याचे साधन आहे. भूदानात मिळालेली बरीच जमीन नापीक निघाली किंवा वाटपाविना पडून राहिली, हेही सत्य आहे. संकल्पाच्या मागे जेथे हा विवेक आणि परिश्रम टिकले नाहीत, तेथे दान कागदावरच राहिले.

यावरून प्रवचनकाराने एवढे शिकावे, असे मला वाटते. दानावर बोलण्यापूर्वी त्या गावात कोणाची चूल पेटलेली नाही, कोणत्या मुलाची फी राहिली आहे, कोणता रुग्ण औषधावाचून पडला आहे, याची चौकशी करावी. आपल्याला शक्य ते आधी स्वतः, गाजावाजा न करता, द्यावे. त्यानंतर गरजवंताचे नाव न घेता ती गरज श्रोत्यांपुढे स्पष्ट मांडावी, आणि दिलेले पोहोचले की नाही हे पाहावे.

गृहस्थांनाही हे व्रत कठीण नाही. जो केवळ स्वतःसाठी रांधतो तो पापच खातो, असे गीता सांगते. म्हणून पान वाढण्यापूर्वी एक वाटा वेगळा काढावा आणि तो कोणाकडे जाणार, हे त्याच दिवशी ठरवावे. जो वाटा कोणाच्याही मुखी पडत नाही, तो वेगळा काढूनही आपल्याच घरात राहिला.

ती वृद्धा मला पुन्हा दिसली नाही. तिचे देणे माझ्यावर आहे आणि ते आता दुसऱ्या कोणाला तरी पोहोचवायचे आहे. आता प्रवचन संपल्यावर मी प्रथम पायरीकडे पाहतो. श्रीहरी ती दृष्टी आपणां सर्वांना देवो.