शिंपल्याचे सहा प्राण

पाकट आणि समुद्री शिंपला हे दोन्ही जलचर तळाच्या वाळूत अंग पुरून राहतात, पण जैन जीवविचारात त्यांच्यात मोठे अंतर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांवरून होते. शिंपला द्वींद्रिय, त्याला स्पर्श आणि रस एवढेच कळते. पाकट मासा म्हणून पंचेंद्रिय. त्यानुसार शिंपल्याला सहा प्राण, म्हणजे जीवनशक्ती, तर मन असलेल्या पंचेंद्रियाला दहा.

पाकट आणि शिंपला यांपैकी कोणाला मारण्यात अधिक हिंसा, हा प्रश्न जैन परंपरेला परका नाही.

प्रत्यक्ष शरीररचना पाहू. अमेझॉन खोऱ्यातले गोड्या पाण्यातले पाकट पिल्लांना जन्म देते. त्याला मेंदू आहे, डोळे आहेत. शिवाय भक्ष्याच्या अंगातली सूक्ष्म वीज ओळखणारे इंद्रियही आहे, जे पाचांच्या यादीत बसत नाही. शिंपल्याला डोके नाही, फक्त मज्जातंतूंच्या गाठी. तरीही वाळूबाहेर काढलेल्या नळ्यांवर सावली पडताच कित्येक शिंपले त्या झटकन आत ओढतात. स्कॅलप जातीच्या शिंपल्याच्या कडेला तर दोनशेपर्यंत डोळे असतात. तेव्हा द्वींद्रिय ही गणना तपशिलात टिकत नाही, हे मान्य करायला हवे.

त्याने मूळ विचार मात्र ढासळत नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसा म्हणजे प्रमादाने केलेला प्राणघात. त्यात मारणाऱ्याच्या मनाची बेफिकिरी आधी येते. प्राण जास्त तितकी हिंसा जड, हे खरे. पण आत्मा दोघांत सारखाच. गृहस्थाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांचा, म्हणजे द्वींद्रियापासून पुढच्या सर्वांचा, संकल्पी वध वर्ज्य आहे. पाकट आणि कोकणातल्या कालवणातली तिसरी, म्हणजे शिंपलाच, दोन्ही त्याच रेषेच्या आत येतात.

उरतो संख्येचा युक्तिवाद: ताटभर तिसऱ्यांपेक्षा एकच मोठे पाकट मारलेले बरे नाही का? सूत्रकृतांग या जैन आगमात हस्तितापस नावाचे तापस असाच हिशेब मांडतात. वर्षाला एकच हत्ती मारून त्यावर गुजराण केली, तर बाकीचे जीव वाचतात, असे त्यांचे म्हणणे. आर्द्रक हा जैन मुनी ते खोडून काढतो. पुढे अमृतचंद्रांनीही पुरुषार्थसिद्ध्युपायात, अनेक लहान जीवांऐवजी एक मोठा जीव मारावा, हे मत नाकारले आहे.