आधी लिही, मग मिरव

पेटी बंद कर. बघितले तुझे पेन. जर्मन बघितला, जपानी बघितला, सोन्याच्या निबचा बघितला आणि प्रत्येकाची किंमतही तुझ्या तोंडून ऐकली. आता मी विचारतो त्याचं उत्तर दे. यांतल्या कुठल्या पेनानं गेल्या आठवड्यात तू एक अख्खं पान लिहिलंस? खाली बघू नकोस. निबा बघूनच मला कळलं. फटीत शाई वाळून खपली धरलीय, टोपणाच्या आत डाग करपलेत, निबखालच्या जिभेच्या खाचा बुजल्यात. रोज कागदावर चालणाऱ्या पेनाची अशी अवस्था होत नाही. पेन भरायचा, दोन रेघा ओढायच्या, फोटो काढायचा आणि पेटीत झोपवायचा, याला तू शाईपेनाची आवड म्हणतोस? हा साधनाचा अपमान आहे, आणि माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलानं तो करावा याचा मला राग आलाय.

"सर, लिहायला टाइमच मिळंना बघा," असं तू म्हणालास. हिंजवडीत राहून इतकी वर्षं झाली तरी बोली सोलापूरची राहिली, हे बरं झालं. पण सबब मात्र खोटी आहे. कुठल्या शाईला कडेनं लाल झाक येते, कुठली निब किती मऊ, यावर तू मला अर्धा तास ऐकवलंस. त्या अर्ध्या तासात दोन पत्रं लिहून झाली असती. वेळ तुझ्याकडे भरपूर आहे. तो तू पेनावर घालवतोस, लिहिण्यावर घालवत नाहीस. नवा पेन आला की तू कागदावर काय लिहितोस? त्याच पेनाचं नाव, शाईचं नाव आणि खाली तारीख. याला फार तर चाचणी म्हणतात. लिहिणं म्हणजे डोक्यातलं काहीतरी कागदावर उतरवणं. ते तू कधी करणार?

लोकमान्यांनी 'गीतारहस्य' कशानं लिहिलं, आठवतं का? वर्गात सांगितलं होतं. मंडालेच्या तुरुंगात शाई द्यायला सरकार तयार नव्हतं. वह्यासुद्धा बांधलेल्या आणि पानं मोजलेल्या मिळायच्या. 1910-11 च्या हिवाळ्यात त्या माणसानं शिसपेन्सिलीनं एवढा ग्रंथ उतरवला आणि 1915 साली तो छापून लोकांच्या हातात पडला. साधन नाही म्हणून ते अडले नाहीत. तुझ्यापाशी साधनांची पेटी भरलीय आणि तू अडून बसलास. याचा विचार कर.

गांधीजींचं उदाहरण घे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी देशी पेन बनवला आणि तो कुमारप्पांच्या हातून वर्ध्याला पोचला. 1935 च्या जुलैत गांधीजींनी रत्नम यांना छोटंसं पत्र पाठवलं. आभार मानले आणि पेन वापरून पाहिला, बाजारातल्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असं कळवलं. क्रम लक्षात घे. आधी वापरला, मग मत दिलं. बाबासाहेबांना पेनांची केवढी हौस होती! त्यांच्या पुतळ्याच्या कोटाच्या खिशातसुद्धा पेन दिसतो. पण ती हौस कुठं खर्ची पडली, ते त्यांच्या ग्रंथांच्या खंडांकडे बघ. हौसेला माझा विरोध नाही. चांगला पेन हातात आला की लिहावंसं वाटतं, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण तसं वाटल्यावर लिहायचं असतं.

आता तुझ्या तक्रारी एकेक घेऊ.

पहिली तक्रार, पेन गळतो. पेन गळत नाही, तुला तो कळत नाही. शाईपेनात दाब द्यायची सोय नसते. निबची फट आणि जिभेवरच्या बारीक खाचा यांतून शाई केशाकर्षणानं खाली उतरते आणि जेवढी शाई उतरते तेवढी हवा त्याच वाटेनं आत शिरते. वॉटरमननं 1884 साली पेटंट घेतलं ते याच जिभेच्या रचनेचं. आता ड्रॉपरनं भरायचा पेन घे. त्याच्या नळीत शाई थोडी आणि हवा जास्त उरली की हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. कागदावर थेंब पडतो. उपाय साधा आहे. पाव नळी उरायच्या आत पेन पुन्हा भरायचा आणि आट्यांना किंचित सिलिकॉन ग्रीस लावायचं. तू काय केलंस? मे महिन्यात, पारा 42-43 वर असताना, पेन गाडीत काचेसमोर ठेवलास आणि वर कंपनीला दोष दिलास. सोलापुरात वाढलेल्या मुलाला इथलं ऊन सांगावं लागावं?

दुसरी तक्रार, पेन चालूच होत नाही. कसा होईल? शाई म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात विरघळलेला रंग. आपल्याकडची हवा कोरडी. टोपण सैल राहिलं की पाणी उडून जातं आणि रंग निबेत बसून राहतो. रोज चालणाऱ्या पेनाला ही अडचण येत नाही, आठ-आठ महिने पडलेल्याला येणारच. आज घरी जा, सगळे पेन उघड आणि साध्या थंड पाण्यानं धू. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. गरम पाणी नको, स्पिरिट नको, निब ओढून काढायची घाई नको. शाई बदलताना दर वेळी हेच करायचं, कारण दोन शाया एकत्र आल्या की कधीकधी गाळ धरतात. आणि ती चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात भरली होतीस, ती कुणाच्या सल्ल्यानं? तिच्यात लाख असते. ती वाळली की पाण्याला दाद देत नाही आणि पेन कायमचा जातो. बाटलीवर 'फाउंटन पेनसाठी' असं छापलंय का, एवढं वाचायलाही वेळ नव्हता?

तिसरी तक्रार, शाई कागदावर फुटते. ही तक्रार काही अंशी खरी आहे, पण डोकं चालवलं असतंस तर उत्तर घरातच होतं. तुझ्या आजोबांनी जन्मभर माग चालवला. सुताला खळ देतात तशीच कागदालाही देतात. खळ कमी पडली की कागद शाई पिऊन घेतो आणि अक्षराला मिशा फुटतात. वही घेताना कोपऱ्यात एक ओळ लिहून बघ आणि पान उलटून बघ. मागं उमटलं तर ती वही ठेव खाली. दुसरं असं की, निब बारीक घे. तू मिरवतोस त्या जाड निबा मोठ्या, मोकळ्या अक्षराला शोभतात. आपल्या अक्षरांत गाठी आहेत, जोडाक्षरं आहेत आणि वरून शिरोरेघ. ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ तुटलेली असते. जाड निबेनं ओल्या शाईत ती तुटलेली जागा बुजली की ध चा घ होतो आणि भ चा म होतो. धनाचं घन आणि भाताचं मात झालं की वाचणाऱ्यानं काय समजायचं? बारीक निब घे, अक्षर जरा मोठं काढ, शब्द पुरा झाल्यावर शिरोरेघ एका हातात ओढ. पहिली चार अक्षरं सुकेपर्यंत त्यांवर तळहात घासू नकोस. टिपकागद अजून मिळतो, तो वहीत ठेव.

चौथी तक्रार ऐकून तर माझं डोकंच फिरलं. "महागाचा पेन आहे सर, रोज वापरून खराब होईल." मग घेतलास कशाला? निबच्या टोकाला कठीण धातूचा कण असतो. नीट धरलास तर तो वर्षानुवर्षं झिजत नाही. त्याचं वाटोळं होतं ते तुझ्या धरण्यानं. बॉलपेनची शाई घट्ट, तिथं गोळी फिरवायला दाब द्यावा लागतो. ती सवय तू इथं आणलीस आणि निबच्या दोन पाकळ्या फाकवून ठेवल्यास. पेन आडवा कलव, निबची पाठ आभाळाकडे राहू दे, आणि दाबू नकोस. पेनाच्या स्वतःच्या वजनानं शाई उतरली पाहिजे. उतरत नसेल तर पेन धुवायचा, हात जड करायचा नाही.

आणि महागाचा वापरवत नसेल तर स्वस्तातला घे. मुंबईच्या वॉलिटीचे ड्रॉपरनं भरायचे साधे पेन कित्येक मास्तरांनी आणि कारकुनांनी खिशाला लावले. परदेशी शायांची नावं तुला पाठ आहेत, मग दांडेकरांचं नाव का येत नाही? 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी 'हॉर्स ब्रँड'ची शाईची पूड विकायला सुरुवात केली आणि पुढं त्यातून कॅमलिन उभं राहिलं. ते साल सोलापूरकरानं विसरायचं नसतं. त्याच वर्षी 12 जानेवारीला सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. हुतात्मा चौकातून तू रोज शाळेला यायचास. देशासाठी माणसं काय काय सोसत होती, त्या काळात ही शाई जन्माला आली. परदेशी पेन वापरू नकोस, असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडच्या चांगल्या वस्तूला स्वस्त आहे म्हणून नाक मुरडणं, हे मला चालणार नाही. कन्व्हर्टरमध्ये जेमतेम एक मिलिलिटर शाई मावते. साठ मिलिलिटरची बाटली घेतलीस तर ती किती दिवस पुरेल, याचा हिशेब तूच कर. लिहायला पैसे लागतात, ही सबब आता देऊ नकोस.

मग लिहायचं काय, असा चेहरा करू नकोस. वाण्याची यादी लिही. दुधाचा हिशेब लिही. ऑफिसच्या बैठकीत लॅपटॉपमागं तोंड लपवण्यापेक्षा समोरचा काय बोलतो ते वहीत टिपून घे. वाचलेल्या पुस्तकातलं पटलेलं आणि न पटलेलं, दोन्ही लिही. झोपण्याआधी दिवसाच्या पाच ओळी लिही. आहेराच्या पाकिटावर नाव घालायचं तर ते सुद्धा नीट, शाईनं घाल. खाली कार्बन असलेला फॉर्म आला तर बॉलपेन घे, त्यात कमीपणा नाही. चेक किंवा करारावर सही करायची असेल तर पाण्यानं न जाणारी, पेनासाठीच बनवलेली पक्की शाई वापर. धुऊन जाणारी शाई रोजनिशीला चालते, कागदपत्रांना चालत नाही. पक्क्या आणि कच्च्या रंगातला फरक सोलापूरच्या मुलाला मी शिकवावा, अशी वेळ आणू नकोस. एका वेळी दोनच पेन भरून ठेव, एकात निळी, एकात काळी. बाकीचे धुऊन, सुकवून ठेव. दोनांतली शाई संपल्याशिवाय तिसरा भरायचा नाही.

आता सगळ्यात शेवटचं, आणि हे मान वर करून ऐक. तुझी आई परवा मंडईत भेटली. तुझा फोन येतो, म्हणाली. रोज येतो. 'जेवलीस का', 'बरी आहेस ना', एवढं बोलून बंद होतो. तू कसा राहतोस, कामात काय चाललंय, कशाची काळजी वाटते, यातलं तिला काहीच ठाऊक नाही. ते दोन वाक्यांच्या फोनवर सांगता येत नाही, हे मला कळतं. म्हणून तर पत्र असतं. पत्र लिहायला बसलं की माणसाला थांबावं लागतं, शब्द शोधावा लागतो, आणि जे बोलायला जड जातं ते हळूहळू हातातून उतरतं. शिवाय पत्र पुन्हा वाचता येतं. घरात एवढे पेन बाळगणाऱ्या मुलाच्या हातचं एक अक्षर त्याच्या आईच्या घरात नसावं, याची तुला लाज वाटायला हवी. तुझ्या पेटीतल्या सगळ्या पेनांची किंमत एकत्र केलीस तरी त्या एका पत्राची सर येणार नाही. पेन कशासाठी असतो, एवढंच मी तुला शिकवलं होतं. वळणदार अक्षर त्यानंतर आलं.

तेव्हा ऐक. आज पेन धुवायचे. उद्या पुण्याला पोचलास की आईला चार पानं लिहायची. गड्ड्याच्या जत्रेला येतो म्हणून नुसतं कळवून चालणार नाही, नीट सगळं लिहायचं. ते टपालात टाकलंस की दुसरं पत्र मला. विषय मी देतो, 'मी रोज काय काम करतो'. दोन पानांच्या खाली चालणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ बघून लिही, खाडाखोड कमी कर आणि समास सोड. मी ते लाल शाईनं तपासून परत पाठवीन. चुका असतील तितकी अक्षरं पुन्हा काढायची. पेन दाखवायचे असतील तर त्यानंतर घेऊन ये.