दुसरे हात

'विलंब' या शब्दाशी जबलपूरचा परिचय जुना आहे. 1870 मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग या शहरी एकमेकांस मिळाले आणि वेळापत्रक येथील जीवनाचा भाग झाले. 1904 मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला, पुढे वाहनांचा कारखाना झाला. कारखाने, रेल्वे आणि उच्च न्यायालय यांच्या आधाराने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. घड्याळावर चालणाऱ्या अशा शहरात एखाद्या मुलाच्या कागदावर 'विकासातील विलंब' असे शब्द लिहिले जातात, तेव्हा ते प्रथम तितकेसे भयावह वाटत नाहीत. विलंबाने धावणाऱ्या गाडीचे गंतव्य ठरलेले असते. उशिरा का होईना, ती त्याच फलाटावर येणार असते. मुलाच्या बाबतीत तसे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. काही मुले उशिरा बोलू लागतात आणि पुढे इतरांच्या जोडीने चालतात. काहींचा मार्गच निराळा असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणते मूल कोणत्या मार्गावर आहे, हे सांगणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. आईला मात्र निर्णय त्याच वयात घ्यावे लागतात.

हे निर्णय एकटे येत नाहीत. मुलाचे नाव शाळेत घालण्याची वेळ आणि आईची रजा संपण्याची वेळ पुष्कळदा एकच असते. मूल शब्दांऐवजी खुणेने पाणी मागते; त्याला डबा उघडता येत नाही; घंटा झाली की ते कानांवर हात ठेवते. शाळा विचारते, याच्याजवळ बसेल कोण? कार्यालय विचारते, रुजू कधी होणार? नातेवाईक विचारतात, नोकरीची एवढी काय निकड आहे? तिन्ही प्रश्न एकाच व्यक्तीला विचारले जातात. त्याच घरात राहणाऱ्या आणि रोज सकाळी डबा घेऊन कामावर जाणाऱ्या वडिलांना त्यांतला एकही विचारला जात नाही. अशा आईने कामावर परतणे हा कर्तव्याचा त्याग ठरतो काय, असा नैतिक प्रश्न मग उभा राहतो. आणि तो इतरांनी विचारण्यापूर्वीच तिने स्वतःस विचारलेला असतो.

परंपरेचे उत्तर स्पष्ट आहे, आणि ते केवळ जुने म्हणून टाकून देण्याजोगे नाही. दुर्बळ लेकरावर आईने अधिक माया करावी, अधिक वेळ द्यावा, हे सांगण्यास शास्त्राची गरज नाही. शिवाय आधुनिक विज्ञानही या उत्तराच्या बाजूने साक्ष देते. बालपणीची पहिली वर्षे मोलाची असतात, त्या वर्षांत बोलणे, हालचाल, खेळ यांचा सराव जितका नियमित, तितका लाभ अधिक, असे ते सांगते. तेव्हा आई दिवसाचे आठ तास घराबाहेर गेली, तर काहीच बिघडत नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही तास हरवतात, एखादा नवा उच्चार प्रथम दुसऱ्याच्या कानी पडतो. ही हानी खरी आहे आणि कोणत्याही तत्त्वाने ती पुसली जात नाही.

परंतु या उत्तरात एक गृहीतक दडलेले आहे. मुलाला निष्ठापूर्वक, सातत्याने सांभाळणारे कोणी हवे, हे खरे; ते कोणी म्हणजे आईच, हे त्यातून निघत नाही. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ने (1935) मराठी मनात मातृत्वाची जी प्रतिमा रुजवली, तिचे ऋण मोठे आहे. मात्र त्या प्रतिमेपुढे हात जोडताना समाजाने स्वतःकडे पाहण्याचे बहुधा टाळले.

अशा मुलांच्या शिक्षणाचा इतिहास पाहिला, तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. 1944 मध्ये मुंबईत वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी घरातच शिकवण्याची सोय केली. त्यातून आजची जय वकील संस्था वाढली. 1972 मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईतच मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी शाळा काढली, ती आपल्या मुलीला योग्य शाळा मिळेना म्हणून. 1977 मध्ये नाशिकला रजनी लिमये यांनी 'प्रबोधिनी' सुरू केली, त्यामागेही स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न होता. या स्त्रियांचे कर्तृत्व वादातीत आहे. शेकडो घरे त्यांच्यामुळे सावरली. पण त्यांच्या चरित्रांतून एक अवघड प्रश्नही निघतो. सर्वसाधारण मुलाला शिकवण्यासाठी त्याच्या आईला शाळा स्थापन करावी लागत नाही. जे एकाला मागितल्यावाचून मिळते, ते दुसऱ्याला मिळण्यासाठी त्याची आई असामान्यच असली पाहिजे, हा न्याय कोणता?

जबलपूरजवळ मदनमहालच्या टेकडीवर एका खडकावर जेमतेम टेकलेली प्रचंड शिळा आहे. 22 मे 1997 च्या भूकंपातही ती ढळली नाही, याचे कौतुक सारे शहर करते. घर, नोकरी आणि असे मूल सांभाळणाऱ्या स्त्रीचे कौतुकही त्याच जातीचे असते. न पडणाऱ्या शिळेकडे लोक विस्मयाने पाहतात आणि परततात. तिला आधार द्यावा असे कोणास वाटत नाही. शिळेला थकवा नाही, हा भेद तेवढा विसरला जातो.

अमेरिकन तत्त्वचिंतक इव्हा फेडर किटे यांनी या विसराकडे लक्ष वेधले. त्यांच्या कन्येस जन्मापासून तीव्र बौद्धिक अक्षमता होती. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादले की, समान आणि स्वावलंबी माणसांचा करार म्हणून समाजाची कल्पना केली, की परावलंबी माणूस आणि त्याला सांभाळणारा, दोघेही त्या कल्पनेबाहेर पडतात. जी दुसऱ्याला सांभाळते, तिला सांभाळणे हेही न्यायाचेच अंग आहे. या विचारासाठी त्यांनी दृष्टान्त निवडला तो प्रसूत स्त्रीची देखभाल करणाऱ्या बाईचा.

मराठी वाचकाला हा दृष्टान्त परका वाटू नये. बाळंतिणीसाठी शेक-शेगडी, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालणारी बाई, माहेरची विश्रांती, हे सारे आपल्याकडे कर्तव्य म्हणूनच केले जाते. त्या सव्वा महिन्यात कोणी तिला स्वार्थी म्हणत नाही. बाळाची आई सांभाळली तर बाळ सांभाळले जाते, हे शहाणपण आपल्या घरांत केव्हापासूनचे आहे. काही मुलांचा सव्वा महिना अनेक वर्षे चालतो, एवढेच आपण ध्यानात घेतलेले नाही. पाहुण्यांचे लाडू संपतात, माहेरची माणसे परततात, आणि बाळंतपण तसेच राहते.

कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. 2008 पासून केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांना बालसंगोपनासाठी एकूण 730 दिवसांची रजा मिळते. 2018 मध्ये दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची अट काढून टाकण्यात आली. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दिव्यांग अपत्याच्या आईला संगोपन रजा नाकारणे घटनात्मक कर्तव्याशी विसंगत ठरेल असे म्हटले. परंतु त्याच रजेच्या नियमात पुरुषाला स्थान आहे ते तो एकटा पालक असेल तरच. पत्नी हयात आणि सोबत असलेल्या पित्याने मुलासाठी घरी थांबावे, ही कल्पना नियमालाही सुचलेली नाही. आणि बिडी वळणाऱ्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला ही रजा, तिचा नियम, दोन्ही सारखेच दूर.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. एक स्त्री कामावर जाते, तेव्हा तिचे मूल ज्या हाती सोपवले जाते तेही बहुधा दुसऱ्या स्त्रीचेच असतात, आणि ते तिच्याहून कमी मोबदल्यात राबत असतात. अंगणवाडी सेविकेला जे मिळते त्याला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. मान आणि धन यांपैकी कोणते पुरेसे, हे विचारले जात नाही. एकीची सुटका दुसरीच्या शोषणावर उभी राहिली, तर प्रश्न सुटत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो.

तरीही दुसऱ्या हातांची गरज आईच्या सोयीपुरती नाही. ती मुलाची आहे. अशा प्रत्येक घरात रात्री दिवा मालवल्यावर एक प्रश्न जागा राहतो: माझ्यानंतर याचे कोण? या प्रश्नाला आईच्या अखंड उपस्थितीने उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नच तिच्या अनुपस्थितीचा आहे. मुलाने दुसऱ्या कोणाच्या हातून घास घ्यावा, दुसऱ्या कोणाला आपली खूण समजवावी, वर्गातल्या एखाद्या मुलाने न सांगता त्याचा डबा उघडून द्यावा, यातूनच त्या उत्तराची पहिली अक्षरे गिरवली जातात. या अर्थाने शाळेच्या दारात मुलाचा हात सोडून कामाकडे वळणारी आई त्याला टाकत नसते. आपल्यानंतरच्या जगाशी त्याची ओळख करून देत असते.

मात्र हात सोडणे हे कर्तव्य तेव्हाच ठरते, जेव्हा पलीकडे तो धरणारे कोणी असते. हात धरणारी शिक्षिका, थांबायला तयार असलेला वर्ग, वेळेआधी घरी येऊ शकणारा पिता, हे नसतील तर तिने नोकरी सोडली काय किंवा धरली काय, दोन्हींत तिच्याकडे दोष राहतोच. अशा स्थितीत तिच्या निर्णयाची नैतिकता तपासण्याचा अधिकार समाजाला पोहोचत नाही. ज्याने आपला वाटा उचलला नाही, त्याने दुसऱ्याचे ओझे तोलून पाहू नये. मुलाचा विलंब कदाचित निसर्गाचा असेल. शाळेच्या दारात उशिरा पोहोचलेले आपण मात्र आपला विलंब कोणाच्या नावे मांडणार, हे ठरवावयाचे आहे.