न पाहिलेले स्नेही

गेल्या वर्षी मार्चअखेर आमचे वडील मामेभाऊ नाना साताऱ्याहून चार दिवस आमच्याकडे राहावयास आले होते. एके सकाळी चहाचा पेला हाती घेऊन आम्ही संगणकाच्या पडद्यापुढे बसलो असता ते मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर एका उंच झाडाच्या शेंड्यावरील काटक्यांचे भले मोठे घरटे होते, आणि ते रिकामे होते.

"पक्षी कुठे आहे?" नानांनी विचारले.

"अजून यायचा आहे."

"मग पाहतोस काय?"

"आला की नाही, ते."

यावर नाना हसले. पुढे त्यांना असेही कळले की, हे रिकामे घरटे पाहणारे आम्ही एकटेच नसून स्कॉटलंड, हॉलंड, कॅनडा अशा ठिकठिकाणची माणसे त्याच वेळी ते पाहत असतात, एकमेकांना लिहितात, आणि यांतील एकाही व्यक्तीस आम्ही कधी डोळ्यांनी पाहिलेले नाही. तेव्हा त्यांनी दुसरा प्रश्न केला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "अरे, ज्यांचे तोंड पाहिले नाहीस, ते तुझे स्नेही कसले?"

नाना परत गेले, प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. नोकरीच्या निमित्ताने घरदार सोडून परमुलखात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना तो अगदीच परका नाही. आमचे निम्मे स्नेही पत्रांतले आणि उरलेले पुढील बदलीपर्यंतचे. म्हणून त्याचा जरा नीट विचार करावा असे वाटले.

प्रथम त्या पक्ष्याविषयी. इंग्रजीत त्याला ऑस्प्रे म्हणतात. आपल्याकडे मोरघार किंवा मीनखाई घार या नावांनी तो ओळखला जातो. मासा हेच त्याचे अन्न. पाण्यावर घिरट्या घालीत तो मासा हेरतो, पाय पुढे करून सूर मारतो आणि निसटत्या मासळीला नखांत पकडून वर उठतो. हिवाळ्यात तो आपल्या जलाशयांवरही येतो. चिल्का सरोवरात मासेमारांनी रोवलेल्या खुंटावर बसून मासा फोडीत असलेला आम्ही पाहिला आहे. मात्र आम्ही पाहतो त्या घरट्यातील पक्षी इकडे येत नाहीत. ते घरटे आहे स्कॉटलंडमध्ये, पर्थशायरमधील डंकेल्ड गावाजवळच्या लॉख ऑफ द लोज या तळ्याच्या काठी. आणि तिकडचे पक्षी हिवाळ्यासाठी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जातात.

ब्रिटनमधून हा पक्षी एकेकाळी नाहीसा झाला होता. मासळीचा शत्रू म्हणून त्याला बंदुकीने टिपले गेले, आणि उरल्यासुरल्याची अंडी संग्राहकांनी पळविली. १९५४ साली लॉख गार्टन येथे एका जोडीने पुन्हा घरटे केले. पुढे तेथे पक्षिप्रेमींनी रात्रंदिवस पहारा बसविला. तरीही १९५८ साली रात्रीच्या अंधारात एका चोराने अंडी लांबविलीच. तेव्हा दुसऱ्या वर्षी जॉर्ज वॉटरस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी गोष्ट केली. घरट्याची जागा गुप्त ठेवण्याऐवजी त्यांनी लोकांनाच ते पाहावयास बोलाविले. हजारो माणसे आली, दुर्बिणीतून पाहून गेली, आणि त्या वर्षी घरट्यातून पिले सुखरूप उडाली. अनेकांचे डोळे हाच उत्तम पहारा, असे त्या प्रयोगाने दाखविले. आजचे घरट्यावरील कॅमेरे हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल होय. फरक एवढाच की, पहारेकऱ्यांचे तंबू आता जगभर विखुरले आहेत.

या पहाऱ्यात आमच्याकडे पहाटेची पाळी आहे. उन्हाळ्यात तिकडची घड्याळे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. आमचे सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे पहाटेचे चार वाजलेले असतात आणि तिकडची मंडळी गाढ झोपेत असतात. कचेरीस जाण्यापूर्वी आम्ही अर्धा तास पाहतो आणि चार ओळी लिहून ठेवतो : रात्र शांत गेली, मादी अंड्यांवर आहे, अद्याप मासा आलेला नाही. उठल्याबरोबर ती मंडळी त्या ओळी वाचतात. रात्री आम्ही झोपी गेल्यावर घरट्यात काय घडले, हे ती आम्हांला सांगतात. हा व्यवहार इतका साधा आहे की, याला मैत्री म्हणावयाचे तर म्हणणाऱ्यास थोडा संकोच वाटावा.

पण याच घरट्याची एक हकीकत ऐका. येथे 'लेडी' या नावाने ओळखली जाणारी एक मादी चोवीस वर्षे येत होती. तिच्या पायात कडे नव्हते. डोळ्यातील बुबुळावरच्या खुणांवरून तिची ओळख पटविली जाई. एका पाखराच्या बुबुळातील ठिपका लक्षात ठेवण्याइतके तिच्याकडे कोणीतरी पाहिले होते! २०१० च्या जून महिन्यात ती एकाएकी आजारी पडली. पापण्या मिटू लागल्या, मान खाली गेली. ती आता जात नाही असेच सर्वांना वाटले. देशोदेशीची माणसे ते पाहत होती, आणि त्यांच्या हाती काहीही नव्हते. काही दिवसांनी ती पुन्हा उभी राहिली, मासा खाऊ लागली, त्या शरद ऋतूत निघून गेली आणि पुढील वसंतात परत आली. एकूण ७१ अंडी तिने घातली, ५० पिले तिच्या घरट्यातून उडाली. २०१४ नंतर मात्र ती आली नाही.

कोणी म्हणेल, ही निव्वळ भावविवशता झाली. परदेशातील पाखरासाठी रात्र जागवायची आणि शेजारच्या बिऱ्हाडात कोण आजारी आहे याचा पत्ता नाही! हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ज्या स्नेहात आपले काही खर्ची पडत नाही, एक कळ दाबली की जो मिटतो, त्याला स्नेह म्हणणे म्हणजे त्या शब्दाचे मोल उतरविणे होय, या म्हणण्यात तथ्य आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचे आठवा व नववा असे दोन भाग मैत्रीला दिले आहेत. अंतरामुळे मैत्री एकदम नाहीशी होत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो. पण वियोग फार लांबला तर तिचा विसर पडतो, असे त्याचे मत होते. सहवासावाचून मैत्री टिकत नाही, या नानांच्या पक्षाला येथे आधार मिळतो. परंतु सहवास म्हणजे काय, हेही त्याने पुढे सांगितले आहे. माणसांचा सहवास म्हणजे बोलण्याचा आणि विचाराचा सहभाग. एका कुरणात शेजारी शेजारी चरणे हा गुरांचा सहवास. हे वाचून आम्ही थबकलो. कारण कुरणातला सहवास आम्ही स्वतः केला आहे.

पूर्वीच्या एका गावी साडेतीन वर्षे आम्ही आणि एक मराठी गृहस्थ एकाच जिन्याच्या दोन बाजूंस राहत होतो. सकाळी बरोबर कचेरीस जावे, रात्री बुद्धिबळ मांडावे, गणपतीत दोन्ही घरच्या मोदकांची अदलाबदल व्हावी, असा क्रम होता. आमची बदली झाली तेव्हा ते स्टेशनावर आले होते. पुढे दर दसऱ्याला त्यांचे पत्र येई, आम्ही उत्तर पाठवू. एकदा एका तिऱ्हाइताकडून सहज कळले की, त्यांना जाऊन चौदा महिने झाले. बातमीने दुःख झालेच; पण त्याहून मोठा धक्का नंतर बसला. मधल्या दसऱ्याला त्यांचे पत्र आले नव्हते, आणि ते आले नाही हे आमच्या लक्षातही आले नव्हते.

आता दुसरी गोष्ट. ३ मे २०१९ रोजी फनी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आदळले. आम्ही त्या वेळी कटकला होतो. छपरे उडाली, झाडे आडवी झाली, वीज गेली ती नऊ दिवस आमच्याकडे आली नाही. पाण्याचे पंप बंद पडले. आमच्या शेजारी एक ओडिया कुटुंब राहत असे. त्यांचे नाव आम्ही दारावरच्या पाटीवर वाचले होते, याहून अधिक ओळख नव्हती. त्या गृहस्थांच्या परसात हातपंप होता. पहिल्याच संध्याकाळी ते दोन बादल्या पाणी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि वीज येईपर्यंत रोज येत राहिले.

दहाव्या दिवशी पडदा उजळला तेव्हा आमच्या नावे पत्रे साचली होती. पहाटेच्या ओळी दोन दिवस आल्या नाहीत, हे प्रथम हॉलंडमधील एका शिक्षिकेच्या ध्यानात आले होते. तिने नकाशा पाहिला, वादळाची बातमी वाचली, इतरांना कळविले. आणखी एक गोष्ट तिने केली होती, जी तिने आम्हांला सांगितली नाही. जुनी टाचणे चाळताना आमची आम्हांलाच दिसली. पहाटेच्या पाळीत खंड पडू नये म्हणून ती बाई आपल्या घड्याळाने पाचला उठून, शाळेच्या आधी, आमच्या जागी त्या चार ओळी लिहीत होती.

दोन बादल्या पाणी आणि चार ओळी! यांत थोर काय, असे कोणी विचारील तर तहानेच्या वेळी पाणीच थोर, हे आम्ही निःसंकोच सांगू. हॉलंडच्या बाईला आमच्या घागरीत थेंबभर पाणी घालता आले नसते. दूरचा स्नेही आजारात पेज करून घालू शकत नाही, आणि शेवटी खांदा द्यावयासही येऊ शकत नाही. पण शेजाऱ्याच्या बादलीत आणि त्या बाईच्या ओळींत एक गोष्ट समान होती. आम्ही दिसलो नाही, हे दोघांनाही दिसले. आणि साडेतीन वर्षे बुद्धिबळ खेळूनही आमच्या स्नेह्याच्या बाबतीत आम्हांला नेमके तेवढेच साधले नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते की, मैत्रीची कसोटी सहवासाच्या लांबीत नाही आणि अंतराच्या कोसांतही नाही. आपण न आल्याची दखल कोण घेतो, येथे ती आहे. घरटे पाहणाऱ्यांना ही सवय त्या पक्ष्यांनी लावली. वसंतात कोण आले यापेक्षा कोण आले नाही, याचीच तेथे अधिक मोजणी होते. पाखराची वाट पाहता पाहता ती माणसे एकमेकांची वाट पाहू लागतात. ही शिकवण पाखरापाशीच थांबली असती तर तिला भावविवशता म्हणणे योग्य ठरले असते.

तरी या कसोटीचे एक ओझेही आहे. दखल घेतली की पुढचे पाऊल टाकणे प्राप्त होते, आणि ते नेहमी टाकता येत नाही. आमच्या मंडळींत स्कॉटलंडच्या उत्तर भागातील एक वृद्ध बाई होत्या. पिले उडाली की त्या दरवर्षी प्रत्येकास निरोपाच्या दोन ओळी लिहीत. एका वर्षी त्या ओळी आल्या नाहीत. आम्ही सर्वांनी विचारणा केली, उत्तर नाही. त्यांचे आडनाव कोणास ठाऊक नव्हते, गाव ठाऊक नव्हते. त्यांच्या दाराशी जाऊन कडी वाजविणारे आमच्यात कोणी नव्हते. नानांचा प्रश्न त्या दिवशी आम्हांला सर्वांत जास्त बोचला. तेव्हापासून आम्ही एकमेकांची नावे, गावे आणि जवळच्या एखाद्या नातलगाचा पत्ता मागून घेतला आहे. तोंड न पाहिलेल्यांनीही निदान दार कोठे आहे, एवढे माहीत करून घ्यावे.

त्या ओडिया शेजाऱ्यांशी आमचा आता चांगला घरोबा आहे. आणि बुद्धिबळाच्या स्नेह्याच्या पत्नीस आम्ही पत्र लिहिले. चौदा महिने उशिराच्या पत्रात काय लिहावे, हे सुचावयास तीन संध्याकाळी लागल्या. त्यांचे उत्तर लहानसे होते. शेवटच्या दुखण्यात यजमानांनी दोनदा आमची आठवण काढली होती, एवढेच त्यांनी कळविले होते. दोष त्यांनी दिला नाही.

या पक्ष्यांचे नर-मादी हिवाळ्यात एकत्र राहत नाहीत. ऑगस्टात बहुधा मादी आधी निघते, नर मागाहून. आफ्रिकेत दोघे वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. पिलांनाही कोणी वाट दाखवीत नाही; ती एकेकटीच जातात. मार्चअखेर हजारो मैल उडून दोघे स्वतंत्रपणे त्याच झाडाच्या शेंड्याकडे वळतात. जो आधी पोहोचतो, तो काटक्या रचीत थांबतो. यावरून माणसांनी काही तात्पर्य काढावे असा आमचा आग्रह नाही. पाखरांना आपले नीतिशास्त्र चिकटवू नये. पण बदलीच्या गावी राहून, वर्षातून एकदा घरी जाणाऱ्या आम्हां लोकांना ते दृश्य पाहून बरे वाटते, हे कबूल करावयास हरकत नाही.

नाना साताऱ्यास पोहोचल्यावर आठ दिवसांनी त्यांचा दूरध्वनी आला. प्रकृती, पाऊसपाणी, घरची मंडळी हे सर्व बोलून झाल्यावर ठेवता ठेवता ते म्हणाले, "आणि काय रे, तो तुझा पक्षी आला का?"

आम्ही सांगितले, नर आला आहे. मादी अजून यायची आहे.

"आली की कळव," नाना म्हणाले.