उपभोगाचा धर्म : शेजारची खाणावळ आणि तेलाचा हात

भारतीय नीतिविचाराने उपभोगाची चर्चा विपुल केली आहे; परंतु ती बहुतांशी मोठ्या उपभोगांची, म्हणजे सत्ता, संपत्ती आणि कामवासना यांची चर्चा आहे. घराजवळच्या लहानशा उपाहारगृहात सावकाश घेतलेली कॉफी, किंवा गल्लीच्या टोकावरील केशकर्तनालयात डोक्याला करून घेतलेली तेलमालिश, अशा लहान सुखांचा स्वतंत्र विचार क्वचितच झाला आहे. शहरात राहणाऱ्या सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र मुख्यतः हीच सुखे येतात, आणि ज्या तत्त्वज्ञानाला त्याच्या रविवारविषयी काही सांगता येत नाही, ते त्याच्या उरलेल्या सहा दिवसांविषयीही फारसे सांगू शकणार नाही. म्हणून प्रश्न असा की, या सुखांत धर्माला, म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे हे ठरवणाऱ्या बंधनाला, काही स्थान आहे काय, की दाम मोजले की तो व्यवहार नीतीच्या कक्षेबाहेर जातो?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर कठोपनिषदाच्या आधारे दिले जाते. त्या उपनिषदात यम नचिकेत्याला श्रेय आणि प्रेय असा भेद सांगतो. श्रेय म्हणजे जे अंती हिताचे आहे ते, आणि प्रेय म्हणजे जे तत्काळ सुखाचे वाटते ते. नचिकेता यमाने देऊ केलेले सर्व भोग नाकारतो आणि ज्ञान मागतो. यावरून प्रत्येक सुख हे हिताच्या मार्गातील अडथळा आहे, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु नचिकेता जे नाकारतो ते ज्ञानाच्या मोबदल्यात देऊ केलेले सुख आहे, सुख म्हणून सुख नव्हे. शिवाय ज्या प्रसंगातून हा संवाद निर्माण होतो तो प्रसंगच अन्नाचा आहे: नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, आणि अतिथी अन्नावाचून राहिल्याचा दोष दूर करण्यासाठी यमाला तीन वर द्यावे लागले. भोगाविषयी इतका सावध असलेला हा ग्रंथ दुसऱ्याची भूक मात्र साक्षात मृत्युदेवालाही माफ करीत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

सुखाचा उघड पुरस्कार करणारे ग्रंथही याच परंपरेत आहेत. वात्स्यायनाने कामसूत्रात नागरकाची, म्हणजे शहरात राहणाऱ्या सुसंस्कृत गृहस्थाची, दिनचर्या सांगताना रोज स्नान आणि एक दिवसाआड अंगमर्दन यांचा समावेश केला आहे. सुखाच्या मागे दोष लागतात म्हणून ते टाळावे, या आक्षेपाला तो असे उत्तर देतो की, शरीर टिकण्यासाठी सुख हे आहाराइतकेच आवश्यक आहे, आणि दारी भिक्षेकरी येतील म्हणून कोणी चुलीवर भांडे चढवायचे थांबत नाही. तथापि वात्स्यायनाचा नागरक हा प्रामुख्याने सेवा घेणारा आहे. त्याचे अंग चोळणाऱ्याला काय वाटते, त्याला विश्रांती मिळते की नाही, हा विषय तेथे उपस्थित होत नाही. ही उणीव वाग्भटाच्या अष्टांगहृदयात काही प्रमाणात भरून निघते. त्या ग्रंथातील दिनचर्येचा अध्याय अभ्यंगाचा, म्हणजे सर्वांगाला तेल चोळण्याचा, नित्यक्रम सांगतो. डोके, कान आणि तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, अजीर्ण झाले असता अभ्यंग टाळावा, असे बारकावेही देतो. त्याच अध्यायात पुढे, व्यायाम व स्नान यांच्यानंतर, वाग्भट सांगतो की सर्व प्राण्यांची धडपड सुखासाठीच असते, परंतु धर्मावाचून सुख लाभत नाही. तेलाचा विधी आणि धर्माचा नियम एकाच अध्यायात येणे हा केवळ रचनेचा योगायोग मानण्याचे कारण नाही. शरीराची निगा आणि इतरांशी नीट वागणे या दोन गोष्टी वैद्याच्या दृष्टीने एकाच दिवसाचे भाग आहेत.

हा विचार प्रत्यक्ष वस्तीत कसा उतरतो, हे पाहण्यासाठी मुंबईतील माटुंगा हे उदाहरण उपयुक्त आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यानंतर 1898 मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्याने आखलेल्या दादर-माटुंगा परिसरात पुढील काही दशकांत दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेल्या कुटुंबांनी व एकट्या तरुणांनी मोठ्या संख्येने वस्ती केली. घरापासून दूर आलेल्या या माणसांची पहिली गरज ओळखीच्या चवीचे जेवण ही होती, आणि ती उडुपी पद्धतीच्या उपाहारगृहांनी भागवली. स्थानकाजवळचे ए. राम नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासूनचे मानले जाते, आणि तेथे केळीच्या पानावर वाढले जाणारे जेवण आजही त्या भागाची ओळख आहे. या उपाहारगृहांच्या नावांमागे असलेले उडुपी हे मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात श्रीकृष्णाची प्रतिष्ठापना केलेले क्षेत्र आहे, आणि तेथील आठ मठांकडे आळीपाळीने येणाऱ्या पूजेच्या अधिकाराबरोबर, ज्याला पर्याय म्हणतात, यात्रेकरूंना जेवू घालण्याची जबाबदारीही येते. देवाच्या स्वयंपाकघराची ख्याती असलेल्या क्षेत्राचे नाव अशा रीतीने शहरातील कामगाराच्या पानापर्यंत पोचले.

परंतु हा वारसा निर्मळ नाही, आणि जो त्याला निर्मळ म्हणून मांडतो तो सुखाचा विचार अर्ध्यावर सोडतो. तैत्तिरीय उपनिषद अन्नाची निंदा करू नये असे सांगते, वस्तीला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये असे व्रत सांगते, आणि त्यासाठीच पुष्कळ अन्न मिळवावे असे सुचवते. प्रत्यक्षात मात्र मंदिरांच्या आणि मठांच्या भोजनगृहांत शतकानुशतके पंक्तिभेद, म्हणजे जातीनुसार वेगळ्या ओळीत जेवू घालण्याची रीत, पाळला गेला. उडुपीच्या मंदिराला असलेली खिडकी कनकदास या संताच्या नावाने ओळखली जाते, कारण दारातून प्रवेश नाकारल्या गेलेल्या या भक्ताला तेथून दर्शन झाले अशी श्रद्धा आहे. पंढरपूरच्या मंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्या भाविकांना उघडावीत म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषण करावे लागले. अशा समाजात, पैसे देणारा कोणीही ज्यावर बसू शकतो असे बाकडे ही साधी वस्तू नव्हती. उपाहारगृहांतही भेद पाळले गेले, चहाच्या दुकानांत वेगळे पेले ठेवले गेले. म्हणूनच भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांतील प्रवेश धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून नाकारता येणार नाही असे स्पष्टपणे नोंदवले. मूलभूत हक्कांच्या गंभीर मांडणीत खाण्याच्या जागेचा नावानिशी उल्लेख येणे, हे लहान सुखही न्यायाच्या कक्षेत येते याचे सर्वांत मोठे प्रमाण आहे.

स्पर्शाचे सुख अन्नापेक्षाही अवघड प्रश्न उभा करते, कारण पानात वाढलेल्या अन्नाआड स्वयंपाकी दृष्टीआड राहू शकतो, पण तेल लावणारा हात आणि ते लावून घेणारे शरीर यांच्यात काहीच उरत नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. बलुते म्हणजे वर्षभराच्या सेवेबद्दल पिकाच्या वेळी मिळणारा धान्याचा वाटा. या व्यवस्थेत दोन्ही घरांचे नाते पिढ्यानपिढ्यांचे होते, लग्नकार्यात न्हाव्याला मान होता, तरीही क्षौर झाल्यावर स्नान करूनच शुद्ध होण्याची रूढी होती. ज्याच्या हाताने चेहरा स्वच्छ झाला त्याच्याच स्पर्शाने विटाळ मानणे, आणि ज्यांना त्याहूनही खाली लेखले गेले त्यांचे केस कापण्यास गावाने त्याला बंदी करणे, यांतून एक गोष्ट दिसते: केवळ नाते असणे सुखाला धर्म्य बनवत नाही. बलुत्यात ओळख होती, परंतु सेवा देणाऱ्याला नकाराचे स्वातंत्र्य नव्हते.

ते स्वातंत्र्य मिळवण्याचा एक उज्ज्वल प्रयत्न मुंबईतच झाला. सत्यशोधक विचाराचे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये न्हाव्यांनी एकत्र येऊन, विधवांचे केशवपन, म्हणजे पती वारल्यावर स्त्रीचे डोके सक्तीने भादरणे, यापुढे करणार नाही असा निर्धार केला. शरीराची सेवा करणाऱ्या हाताला स्वतःचा विवेक आहे, हे त्या निर्धाराने जाहीर केले. त्याच वर्षी, लोखंडे यांनी चालवलेल्या चळवळीला यश येऊन, गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज शहरातील स्त्री वस्तीतल्या पार्लरमध्ये जाऊन आपले केस आपल्या मनाप्रमाणे कापून घेते आणि रविवारी सकाळी कुटुंबासह डोसा खाते, तेव्हा या दोन्ही सुखांमागे 1890 चा तो संघर्ष उभा असतो. केसांवर कात्री चालणे ही क्रिया तीच, पण सक्तीचे अपमानचिन्ह आणि मनाजोगे सुख यांतील अंतर केवळ संमतीने निर्माण केले आहे.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. आधुनिक बाजाराने बलुत्याची सक्ती संपवली ती दामाच्या साहाय्याने. मग दाम चुकते केल्यावर ग्राहकाकडे कोणते कर्तव्य उरते? शतपथ ब्राह्मणात सांगितलेल्या चार ऋणांपैकी एक मनुष्यऋण आहे, म्हणजे माणूस जन्मतःच इतर माणसांचा देणेकरी असतो, आणि इतरांना आसरा व अन्न देऊन ते ऋण फेडतो. दामाने पदार्थाची किंमत फिटते. परंतु पहाटे उठून वाटण वाटणाऱ्याचा किंवा दिवसभर उभे राहून दुसऱ्याचे पाय चोळणाऱ्याचा माणूस म्हणून असलेला हक्क बिलाच्या रकमेत मावत नाही. दाम सेवा देणाऱ्याला मोकळीक देतो हा त्याचा मोठा गुण आहे, आणि तोच दाम घेणाऱ्याला विस्मरणाची सोय करून देतो हा त्याचा दोष आहे.

स्थानिक आणि स्वतंत्र व्यवसायाचे नैतिक मूल्य नेमके या ठिकाणी आहे. ज्या खाणावळीची मालकीण स्वतः भाकरी थापते, ज्या दुकानात कात्री धरणाराच मालक आहे, तेथे ग्राहकाला देणारा माणूस दिसतो, त्याचे नाव कळते, त्याच्या आजारपणाची वार्ता मिळते, आणि तरीही त्या माणसाला नकार देण्याची, दर ठरवण्याची, दुकान बंद ठेवण्याची मुभा असते. बलुत्यातील ओळख आणि बाजारातील मोकळीक यांचा मेळ अशा जागी शक्य होतो. गिरणगावात घरच्या चुलीवर कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची संघटना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने उभी केली आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचवले, तेव्हा त्या बायकांचे जेवणाऱ्यांशी असलेले नाते कायम राहून त्यांची परवशता कमी झाली. या मेळाचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

अर्थात लहान असणे म्हणजे न्यायी असणे नव्हे. ढाबे, उपाहारगृहे, चहाची दुकाने आणि स्पा यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास 2006 च्या ऑक्टोबरपासून बंदी करावी लागली, आणि त्या यादीत खाण्याच्या व लाड पुरवणाऱ्या जागा शेजारी शेजारी याव्यात यावरून शोषण कोठे दडते हे कळते. म्हणून या सुखाचा आस्वाद घेणाऱ्यावर काही साधी कर्तव्ये येतात: टेबल पुसणाऱ्या पोराचे वय पाहणे, मालिश करणाऱ्याच्या सुट्टीची चौकशी करणे, बक्षिसीला वेतनाचा पर्याय न समजणे, वयाने मोठ्या वाढप्याला अरेतुरे न करणे, आणि घासाघीस करताना समोरच्याचे भाडे व घर लक्षात ठेवणे. ही कर्तव्ये सुख कमी करीत नाहीत. खाणाऱ्याचे लक्ष पानातील चवीवर जसे असते तसे ती चव निर्माण करणाऱ्यावर गेले, तर आस्वाद अधिक सूक्ष्म होतो.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. शेजारच्या खाणावळीत जेवणे किंवा थकलेल्या शरीराला तेलाचा हात लावून घेणे हे धर्माच्या विरोधी नाही, आणि धर्माच्या बाहेरचेही नाही. त्याची धर्म्यता दोन कसोट्यांवर ठरते, सेवा देणारा मोकळा आहे काय आणि सेवा घेणाऱ्याला तो दिसतो काय. या दोन्ही कसोट्यांना उतरलेले सुख संकोचाने घेण्याचे कारण नाही. ते मन भरून घ्यावे, आणि ज्याने ते दिले त्यालाही कधी तरी कोणाच्या तरी पानावर बसून, कोणाच्या तरी हातून तेल लावून घेऊन, निवांत होता यावे अशी व्यवस्था मागावी. कारण ज्या वस्तीत वाढणाऱ्याला कधीच जेवायला बसता येत नाही, त्या वस्तीत जेवणाऱ्याचे सुखही अपुरे राहते.