कागदाची शुभ्रता

बल्लारपूर म्हटले की कागद आठवतो. १९४५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या तेथील गिरणीने चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतील बांबू अनेक दशके वापरला. त्या कागदावर आपण शिकलो, पत्रे लिहिली, प्रार्थनापुस्तकेही छापली. तेव्हा कागदाविषयी विचार करताना आपण केवळ प्रेक्षक नाही.

बांबूचा लगदा मुळात तपकिरी असतो. लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे. तो पांढरा करण्यासाठी पूर्वी क्लोरीन वायू सर्रास वापरीत. त्यातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात, ती वर्षानुवर्षे टिकतात आणि पाण्यातून माशांत व माणसांत उतरतात, हे १९८० च्या दशकात उघड झाले. पुढे अनेक गिरण्यांनी क्लोरीन डायऑक्साइडचा सौम्य मार्ग धरला. तथापि सांडपाण्याचा प्रश्न उरलाच. कारखानदार म्हणतो, ग्राहकाला पांढराच कागद हवा. त्याचे म्हणणे खोटे नाही. रंगीत छपाईला शुभ्र कागद लागतो, हेही मान्य. परंतु वहीला, पत्राला, वृद्धांच्या प्रार्थनापुस्तकाला त्याची गरज आहे काय? किंचित पिवळसर कागद डोळ्यांना उलट सुखावह असतो. (आमच्या धर्मग्रामातील लग्नपत्रिकांविषयी न बोललेले बरे!)

गरज आणि आवड यांत भेद करणे ही न्यायाची पहिली पायरी होय. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात निसर्गसृष्टीविषयीचे कर्तव्य ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेखाली दिले आहे, ते विचारपूर्वकच. वस्तू घडविताना ग्राहकाचे मन विचारात घेतले जाते. जो ती विकत घेत नाही, पण तिची किंमत मोजतो, त्याला कोण विचारतो?

गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने हा प्रश्न स्वतःच विचारला. वनहक्क कायद्यान्वये २००९ साली त्याला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने मिळेनात. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावी येऊन ते ग्रामसभेच्या स्वाधीन करविले. बांबू कोणता तोडावा, कोणता राखावा, कोणत्या दराने विकावा, याचा निर्णय आता ग्रामसभेकडे आला.

यामुळे कागद महागेल, असे कोणी म्हणेल. महागो. पूर्वीची स्वस्ताई वनवासींच्या पदरातून आलेली होती. या त्रैमासिकाचा पुढील अंक पिवळसर कागदावर निघाला, तर वर्गणीदार रागावतील काय, असे आम्ही संपादकांना विचारले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.